पांढऱ्या मातीनं खाल्लेलं पातेलं

पिंपळगाव रेणुकाई,
श्रावण वद्य द्वितीया, १९९४

तीर्थरूप कारभारीमामा यांच्या पायावर भाचा मच्छिंद्र याचं डोकं. मोतीबिंदूचं ऑपरेशन बराबर झालं हे ऐकून मायनं रेणुकामातेला नारळ फोडला. पट्टी हाय तवर तुम्हाला वाचायची मनाई, म्हणून हे पत्र तुमची द्वारकाच वाचून दाखवून राह्यली असंल. तिलाही खुशाली विचारली म्हणून सांगा. (द्वारके, कंसातलं तुझं. मनातल्या मनात वाच.)

मायनं कळवलंच असंल की तुम्ही तिला आंदण दिलेल्या जर्मनच्या पातेल्याचं मी बूड घालवलं. माफी मागायला लिहीत न्हाई, माझी बाजू सांगायला लिहितो. कॉलेजात सर म्हणले व्हते की कारखान्याला लागणारा झिओलाइट नावाचा कॅटॅलिस्ट परदेशातून पिपं भरून येतो, अन् आपल्या मातीतून निघतं ते मडकं. सगळा वर्ग हसला. मी उठून म्हणलो, माती आमची हाय, काय काढायचं ते आम्ही बघू. बाहेर पडलो तो परत गेलोच न्हाई. आता कॅटॅलिस्ट म्हंजे काय, तर सोयरिकीतला मध्यस्थ. दोन्हीकडच्यांना जुळवतो अन् स्वतः जसा आल्ता तसाच कोरडा घरी जातो. (आपल्याला असला एक मिळंना.)

घरं सारवायची पांढरी माती मी नागपंचमीला उकरली. त्या दिवशी जमिनीला कुदळ लावायची न्हाई हे मला ठाऊक व्हतं, म्हणूनच उकरली. खाणीवर चिटपाखरू नव्हतं. माती वीटभट्टीत लालबुंद भाजली. जालन्याला जुगलकिशोर शेठच्या दुकानातून साबणवाले नेतात तो कॉस्टिक सोडा आणला. (शेठ म्हणले, काय भाऊ, साबण काढता का? म्हणलो, बिलकुल न्हाई, सोयरीक काढतो.) माती अन् सोडा मायच्या पातेल्यात चुलीवर ठेवला. अर्ध्या घंट्यात पातेलं असं फसफसलं की माय अंगणात पळाली, अन् मंग बूड गळून सगळा रांधा चुलीत. गाव म्हणतं नागोबाचा कोप. खरी गोष्ट अशी की कॉस्टिक जर्मनला, म्हंजे ॲल्युमिनियमला, खातो. तो धडा दुसऱ्या सहामाहीत व्हता, अन् मी पहिल्याच सहामाहीत कॉलेज सोडलं. आता नागोबाच्या नावावर खपवू का माझ्या? मी नागोबालाच पुढं केलं.

पण मी हटलो न्हाई. दुसरा घाणा लोखंडी पिपात दिवसभर उकळला, अन् निघाली मैद्यासारखी पांढरी भुकटी, आत डोळ्याला न दिसणारी भोकं, मधाच्या पोळ्यावाणी. जड पाण्यात टाकली तर पाण्यातला चुना ओढून घेते अन् साबणाला फेस येतो. फेस आला म्हंजे झिओलाइट झालं, ही माझी गावठी परीक्षा. ती पास झालो. (तुला धाडलेल्या पुडीवर, केदारखेड्याच्या तुझ्याच विहिरीच्या पाण्यात. गाडीवाल्या कचरूजवळ पाठवलेली तुझी चिठ्ठी उशाखाली हाय. 'फेस आला, रविवारी बघायला येणार हायेत, जल्दी कर' एवढंच लिहिलंस, तरी शंभरदा वाचली.) आता ती नवसागराच्या पाण्यात धुवून परत भाजली की झाला कॅटॅलिस्ट. सरांच्या टेबलावर नेऊन ओतणार हाय.

तुमचा भाचा,
मच्छिंद्र

ता. क. गुऱ्हाळातली तुमची मोठी लोखंडी कढई कचरूच्या बैलगाडीत पाठवा. एवढ्यासाठीच लिहिलं.

ता. क. दुसरा. कचरू आत्ताच आला. म्हणतो, मामाची पट्टी परवाच निघाली, पारावर बसून पेपर स्वतः वाचतात. मी पत्र फाडायला घेतलं व्हतं. फाडलं न्हाई. मामा, कंसातलं सगळं खरं हाय, फक्त कंस खोटे व्हते. परवा तुमचं धोतर बगळ्यासारखं निघालं ते माझ्या मातीनं अन् द्वारकाच्या हातानं. रविवारी अंकुशनगरच्या साखर कारखान्यातला केमिस्ट तिला बघायला येतो म्हणं. येऊ द्या, पोहे खाऊ द्या, पण मामाच्या पोरीवर पहिला हक्क भाच्याचा असतो हे तुम्हीच माझ्या बारशात बोलल्ते. न्हाई म्हणायचं असंल तर पत्रानं न्हाई, समोर येऊन म्हणा. अन् येताना कढई आणा.