आसराचा ओटा

कळसाडी, ता. शहादा
२७ जून २०२५

चि. जागृती हिस,
नानाचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ईश्वर मला चिडवतो की बहीण नाशिकला इंजिनिअर आणि बाप अजून पोस्टमनची वाट बघतो. चिडवू दे. फोन कानाला लावला की मला नुसती घरघर ऐकू येते, आणि त्याच्या मोबाइलवर लिहायला सांगितलं तर आधी तोच वाचणार. तुझ्या भावाबद्दलच लिहायचं असलं तर मी करू काय?

नाल्यावरचा तुझा नवा फरशी पूल गावाला फार आवडला. जुन्या पुलाला ना कठडा, ना खांब. आता रंगवलेले खांब आहेत, रुंदी आहे, समोरासमोर दोन ट्रॅक्टर निघतात. तुझी आई बायकांना ऐकू जाईल असं म्हणत असते की नकाशा मन्ही पोरनी काढेल शे.

पण पोरी, मला भीती वाटते. मंगळवारी इथे ऊन होतं आणि वर सातपुड्यात पाऊस झाला असणार, कारण गढूळ पाणी आलं. फरशीवर गुडघाभर पाणी असताना ईश्वर निंदणीच्या बायकांची ट्रॉली घेऊन निघाला. अकरा बायका होत्या, त्यात आपला सालदार सुकराम याची बायको गजराबाईपण. मागून दोन मोटरसायकली. मी हात केले, कुणी थांबलं नाही. जुन्या पुलावर हीच माणसं घोट्याएवढं पाणी दिसलं की काठावर बिडी ओढत बसायची. मी एकतीस वर्षं पाटकरी होतो, पाटाच्या पाण्याशी माझा जन्म गेला. पाणी मला समजतं, ही माणसं समजेनाशी झाली. कठड्यामुळे धीट झाली असतील का? ईश्वरला विचारलं तर म्हणाला, आसराना पाय कोरडा शेतस, मंग घाबरानं कसाले.

प्रकृतीस जप. लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.
तुझा
नाना


नाशिक
२ जुलै २०२५

तीर्थस्वरूप नानांस,
जागृतीचा शि. सा. न.

पत्र मिळालं. ईश्वरचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि ऑफिसातून जुना नकाशा काढून आणला.

नाना, काठावरची शेंदूर लावलेली आसरा. तिच्या पायांना पाणी लागलं की नाला ओलांडायचा नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक. ती जुन्या जागी होती तेव्हा पाय भिजले याचा अर्थ फरशीवर वीतभर पाणी, म्हणजे थांबायची वेळ. तेवढ्यासाठी कुणाला पट्टी वाचायची गरज नव्हती. मग पूल बांधताना तिला हलवावं लागलं. दरवर्षी पुरात देवी बुडते, ते गावाला बरं वाटत नव्हतं. नारळ फोडून, वाजतगाजत तिला नव्या ओट्यावर बसवलं. ओटा तीन फूट उंच. पूल मात्र आम्ही फूटभरच वाढवला. आता तिचे पाय ओले होतील तेव्हा फरशीवर मांडीएवढं पाणी असेल. तेवढ्या पाण्यात ट्रॉली तरंगते.

खांबावर मी लाल पट्टा ओढून घेतला होता. तो बघून लोक थांबतील, असं मी धरून चालले. लोक आसराकडे बघतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्याच काठावर मी वाढले. पण नकाशा करताना ते माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि नाना, ओटा तीन फूट करा, हे ठेकेदाराला मीच लिहून दिलं. गाव खूश होईल म्हणून.

ईश्वरला लगेच फोन केला. तो हसला, म्हणाला की ताईला तिथं बसून पाणी दिसतं. आता तुम्हीच काहीतरी करा. रोज सकाळी सात वाजले, ट्रॉली निघायची वेळ झाली, की मी सातपुड्यातला पाऊस बघत बसते.

आईला नमस्कार. मायेत कमी करू नका, मी कितीही चुकले तरी.
आपली
जागृती


कळसाडी
११ जुलै २०२५

चि. जागृती,
आशीर्वाद.

पत्र मिळाल्याच्या दिवशीच टेप घेऊन गेलो. तुझा हिशेब बरोबर आहे. मी सगळ्यांना सांगितलं. लोकांनी पानसुपारी दिली, ऐकून घेतलं, आणि आसराला खाली आणायला साफ नकार दिला. चढवलेली देवी उतरवली तर कोप होईल, हे सर्वांत मोठ्यानं तुझी आईच म्हणाली. ईश्वर म्हणाला, नाना म्हातारा झाला.

मग मी जे केलं ते फक्त तुला सांगतो. सोमवारी अर्धं गाव लोणखेड्याला एका मयताच्या गंधमुक्तीला गेलं होतं. भर दुपारी मी आणि सुकरामनं ओट्यावरून आसरा उचलली आणि तिच्या जुन्या जागी नेऊन ठेवली. सुकराम आधी घाबरला. कुणी बघितलं तर गाव तुम्हाला बोलेल, मला मारेल, असं म्हणाला, आणि ते खरंच आहे. पण त्याची गजराबाई रोज त्या ट्रॉलीत बसते. हात जोडून त्यानं दगडाला मिठी मारली. आयुष्यात मी कुणाच्या पाळीचं पाणी चोरून सोडलं नाही, आणि या वयात देवी चोरली.

संध्याकाळी गावात एकच बोलणं, माय स्वतः खाले उतरी उनी.

काल पाणी आलं. ट्रॉली भरलेली होती. ईश्वरनं आसराचे पाय भिजलेले बघितले, ट्रॅक्टर बंद केला आणि हात जोडून उभा राहिला. मी बघितलं, पाणी जेमतेम फरशीला टेकलं होतं. दहा मिनिटांत ते कठड्याच्या वर गेलं आणि एक अख्खं बाभळीचं झाड पुलावरून आडवं वाहत गेलं.

ईश्वर घरी येऊन रडला. नाना, मायनी वाचाडं, म्हणाला. मी त्याला काय सांगू?

खुशाली कळव. म्हाताऱ्यावर राग धरू नकोस.
तुझा
नाना


नाशिक
१६ जुलै २०२५

तीर्थस्वरूप नानांस,
सा. न.

ते झाड माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तुम्ही देवी चोरली नाहीत, माझी चूक उचलून जागेवर ठेवलीत.

तरी भीती जात नाही. लोकांना कारण कळलेलं नाही. उद्या दुसऱ्याच समजुतीनं ते तिला पुन्हा हलवतील. तुम्ही खरं सांगून टाका, नाना. सुकरामचं नाव काढू नका, त्याच्याऐवजी माझं सांगा. ओटा मीच सांगितला होता हेही सांगा. साहेबांना मी खरं लिहून दिलं आहे. ते म्हणाले, पुलात दोष नाही, लोकांनी पट्टा बघायला शिकावं.

आशीर्वाद असू द्यावा, आता जरा जास्तच.
आपली
जागृती


कळसाडी
२२ जुलै २०२५

चि. जागृती,
आशीर्वाद.

तू लिहिलंस तेच झालं. तुझं पत्र यायच्या आधीच गावानं ठरवलं होतं की ओटा साधा होता म्हणून माय रुसून उतरली, तर आता पक्का बांधायचा, वर छत्री करायची. उंची पाच फूट. पुढे ईश्वर, आणि बायकांत तुझी आई.

काल मारुतीच्या पारावर सगळे जमले तेव्हा मी उभा राहिलो. सुकराम मागे बसला होता, त्याच्याकडे बघितलं नाही. म्हणालो, देवी उतरली नाही, मी उतरवली, या हातांनी, एकट्यानं. कशासाठी तेही सांगितलं. पूल, ओटा, मांडीएवढं पाणी, सगळं. वाटलं होतं शिव्या देतील, कदाचित अंगावर धावून येतील. तुझ्या आईच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

कुणीच रागावलं नाही. तुझी आई उठली आणि सगळ्यांसमोर माझ्या पाया पडली. म्हणाली, त्या दगडाला हलवायला चार गडी लागले होते, हा म्हातारा एकटा कसा उचलेल. मायनीच तुम्हना हातथीन करी लिधं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सुकरामला वाचवायला मी बोललेलं एक खोटं तेवढं त्यांनी धरलं, आणि बाकीचं खरं सगळं सोडून दिलं. आता सुकरामचं नाव घेतलं तर ते त्याला सोडणार नाहीत.

ओट्याचा पाया उद्या खणणार आहेत. आसरा खाली आहे तोवर ईश्वर थांबेल, वर चढली की नाही. पोरी, मला फार भीती वाटते. आपली माणसं वाईट नाहीत, पण ती पट्टा बघणार नाहीत, आज नाही आणि दहा वर्षांनीही नाही. तुझ्या साहेबांना सांग, माणसं बदलतील असं धरून नकाशा काढू नका. आसरा पाच फुटांवर बसणार हे धरून चाला, आणि पूल तिच्या पायांपर्यंत उंच करा.

त्याला किती महिने लागतील ते तुलाच ठाऊक. सकाळपासून सातपुड्यावर आभाळ काळं आहे, आणि ईश्वर हातपाय धुऊन ट्रॉली जोडतो आहे. बायका येऊन बसल्या आहेत.

जिव्हाळा असू दे, आणि उत्तर जमेल तितक्या लवकर धाड.
तुझा
नाना