बोटभर जागा

४ ऑक्टोबर

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. तुम्ही दोघं खुशाल असाल, तुझी बायको तुला धाकात ठेवत असेल आणि तू निमूटपणे राहत असशील असं धरून चालते. इकडे आम्ही ठीक. हवा नेहमीचीच. धुवायला आलेल्या चादरी सकाळी दोरीवर टाकते आणि संध्याकाळी तितक्याच ओल्या काढते. समुद्राच्या कडेला लाँड्री काढायची अक्कल मला कोणी दिली, देव जाणे.

आधी कामाचं. पश्चिमेच्या भिंतीवर बाहेरून ठोकलेल्या लाकडी फळ्या आता बदलायच्या आहेत. सगळ्या फुगल्या आहेत, खालच्या तर पोट सुटलेल्या माणसासारख्या बाहेर आल्या आहेत. घरं बांधणाऱ्या कंपनीत तू इतकी वर्षं काढलीस, त्या शहाणपणाचा उपयोग एकदा सख्ख्या बहिणीला होऊ दे. खारा वारा, बारमाही दमट हवा आणि झोडपणारा पाऊस, या सगळ्यात टिकेल असं काय लावू?

मिस्त्री चार प्रकारचे तुकडे देऊन गेला आहे. माणूस बोलघेवडा. प्रत्येक तुकडा हातात घेऊन म्हणतो, "ताई, हे लावा, जन्मात परत बघायला नको." कोणाच्या जन्मात ते सांगत नाही. मी ते चारही तुकडे मागच्या कठड्यावर, लाटांचे तुषार येतात तिथे, बांधून ठेवले. रंगीत पत्रा दिसायला झकास, पण कापलेल्या कडेला आत्ताच तांबूस झालाय. प्लास्टिकच्या पट्टीला गंजायची भीती नाही, पण वारा सुटला की ती अशी कडकडते की भिंतीला हुडहुडी भरल्यासारखं वाटतं. तिसरी ती सिमेंट आणि धागे मिसळून केलेली राखाडी फळी. ती आहे तशी आहे, पण वजनाला धोंडा. चौथा तुकडा लाकडाचा, तेल पाजलेला. तो मी बाबांसाठी मुद्दाम मागून घेतला. बाबांनी तो हातात घेतला, नखाने खरवडून पाहिला आणि परत ठेवला. "तुला काय हवं ते लाव," म्हणाले.

तुला आठवत असेल, या फळ्यांना हात लावायचं नाव काढलं की बाबा अंगावर यायचे. होड्या बांधणाऱ्याच्या घराला परका सुतार कशाला, म्हणायचे. मागे मी नुसता रंग देऊ म्हटलं तर जेवणावर राग काढला होता. आणि आता एकदम "तुला काय हवं ते लाव". मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

बाबा बरे आहेत. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय आणि थोडा खोकला आहे. हवेचा असेल. अजून आईच्याच पलंगावर झोपतात, त्या भिंतीला लागून. माझी खोली त्यातल्या त्यात कोरडी आहे, तिकडे या म्हणून सांगून थकले. ऐकतील तर ते बाबा कसले.

तुझ्याबद्दल काही विचारत नाहीत. पण तुझं पाकीट आलं की ते हातात घेऊन उलटंसुलटं करतात, डोळ्याजवळ नेऊन अक्षर बघतात आणि माझ्याकडे देताना म्हणतात, "लाइटबिल आलंय वाटतं."

आई गेली त्या दिवशी तू जे बोललास ते मी कुणाकडे काढत नाही. इथेही काढणार नाही. तू मला फक्त फळीचं सांग.

येशील का, असं विचारायचं नाही हे ठरवून लिहायला बसले होते. म्हणून विचारत नाही.

तुझी,
ताई

२६ ऑक्टोबर

प्रिय ठोंब्या,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, औषधाच्या बाटलीवरची सूचना. सिमेंटची फळी घ्या. कापलेल्या कडांना रंग द्या. खिळे गंज न धरणारे वापरा. फळ्या भिंतीला चिकटवू नका, मागे उभ्या पट्ट्या ठोकून बोटभर जागा सोडा, वर-खाली जाळी लावा, म्हणजे मागून वारा खेळेल आणि ओल सुकेल. खाली सही. बाबा कसे आहेत एवढं विचारायला शाई संपली होती का?

तर ऐक. बाबा बरे नाहीत. मागच्या पत्रात "थोडा खोकला" लिहिलं, तो थोडा नाही. आईला होता तसाच आहे. तीच ढास, आणि शेवटी तोच शिट्टीसारखा आवाज. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, झोपतात कुठे? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, आधी ती भिंत उघडून बघा. म्हणून हे फळ्यांचं निघालं. शोभेसाठी नाही.

भिंतीत काय निघेल याची मला धास्ती होती, आणि बाबांनी ते बघू नये एवढीच इच्छा. म्हणून काम सुरू व्हायच्या दिवशी त्यांना शेजाऱ्यांबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यात धाडलं. मिस्त्रीला बजावलं, जेवणाच्या आत जुनं सगळं ट्रकमध्ये गेलं पाहिजे, एक ढलपीसुद्धा अंगणात दिसता कामा नये.

आठवतं ना तुला, आई म्हणायची कानात वारा शिरतो. त्यावर बाबांनी काय केलं? होडीला करतात तेच. फळ्यांच्या प्रत्येक सांध्यात डांबरात भिजवलेला काथ्या ठोकला. बाहेरून ठोकला, आतून ठोकला, खिडकीच्या चौकटीभोवती ठोकला. कामावरून आले की हातपाय धुवायच्या आधी हातोडा हातात. आई पलंगावर बसून म्हणायची, "झाली की हो होडी. आता द्या मला ढकलून समुद्रात." आणि बाबा खूश. खरं सांगते, घर इतकं ऊबदार कधीच नव्हतं. मग तू सुट्टीला आलास, भिंतीवर तळहात ठेवलास आणि म्हणालास, "बाबा, होडीत पाणी बाहेरून येतं. घरात माणसांच्या श्वासानेही ओल होते. तिला बाहेर पडायला वाट हवी." बाबा हसले. ज्यांची एकही होडी कधी गळली नाही, त्यांना कालचं पोरगं पाण्याबद्दल शिकवणार! 

तर त्या फळ्या. तांब्याच्या खिळ्यांनी ठोकलेल्या, निघता निघेनात. ज्या निघाल्या त्या आतून काळ्याठिक्कर. आईच्या पलंगाच्या उशाशी भिंतीतला जो उभा खांब आहे, त्यात मिस्त्रीचं बोट शिरलं, ओल्या पावात शिरावं तसं. मग वास आला. शेवटी शेवटी आईच्या पांघरुणाला यायचा ना, कितीही धुतलं तरी जायचा नाही, तोच. मी तिथेच मातीत बसले.

मिस्त्री म्हणाला, "ताई, ही फळी मध्ये कोणीतरी काढून परत लावलीय." मी बघितलं. सगळ्या भिंतीत त्या एकाच फळीला तांब्याचे खिळे नव्हते. साधे स्क्रू होते, गंजलेले. बरोबर उशाशी.

ते स्क्रू माझ्या हातात असतानाच फाटक वाजलं. डोळ्यांचे डॉक्टर रजेवर होते.

बाबा कोणाला काही न विचारता भिंतीपाशी गेले. बाबांनी खांबाला हात लावला, बोटांचा वास घेतला, आणि अजिबात दचकले नाहीत.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"ती गेली, तो बोलून निघून गेला, त्यानंतर. म्हटलं एक फळी काढून बघावी. तो खोटं बोलला एवढं तरी कळेल."

"आणि?"

"बरोबर होता तो."

मी ओरडले रे त्यांच्यावर. गडीमाणसांसमोर ओरडले. म्हटलं, मग परत बंद का केलीत? मला का हात लावू दिला नाहीत? त्याला तेव्हाच दोन ओळी कळवल्या असत्या तर तो असा परका झाला असता का?

बाबा म्हणाले, "त्याला कळवलं असतं म्हणजे तुला कळलं असतं. तो तर गेलाच होता. तूही उठून गेली असतीस तर मी काय करणार होतो?"

"आणि हे ठाऊक असून तिथेच झोपलात? तिच्या जागी?"

बाबा पायरीवर बसले आणि चपलेला लागलेली माती काडीने काढत राहिले. इतकी वर्षं मला वाटायचं, आईची आठवण येते म्हणून तिथे झोपतात. मला त्यात कौतुकच वाटायचं, लोकांना सांगायचे मी. ठोंब्या, ते शिक्षा भोगत होते. रोज. आणि मी त्यांच्या चादरीला इस्त्री करून देत होते.

तुझं ते वाक्य आता लिहिते, कारण आता न लिहून चालणार नाही. भेटायला आलेली सगळी माणसं बसली असताना तू म्हणालास, "तुम्ही तिला कोंडून मारलंत." डॉक्टरीणबाईंना मी स्पष्ट विचारलं. त्या म्हणाल्या, छाती आधीच अधू होती. ओलीने भर घातली असणार, किती ते कोणीच सांगू शकणार नाही. तेव्हा कोंडलं, हे खरं. मारलं, हे खरं नाही. तिला वारा लागू नये म्हणून ज्या माणसाने बोटांची सालं काढून घेतली, त्याला तू ते एका दमात म्हणालास. आता मला तुझा राग येतो आणि त्यांचाही येतो, आणि दोघांचा राग घेऊन मी जाऊ कुठे? निरोप्याचं काम मात्र माझ्याकडे.

संध्याकाळी चहा घेताना बाबांनी विचारलं, "त्याने काय लिहिलंय?"

"लाइटबिल" नाही म्हणाले. "त्याने" म्हणाले.

मी तुझं पत्र आणून वाचलं. कडांना रंग, खिळे, जाळी, सगळं. ते डोळे मिटून ऐकत होते, जणू तू समोर बसून बोलतोयस. संपल्यावर म्हणाले, "परत वाच." परत वाचलं. "बोटभर जागा" आलं तसं त्यांनी मला थांबवलं. स्वतःचा हात वर केला, एक बोट आडवं धरलं आणि चांगल्या डोळ्याने त्याच्याकडे बघत राहिले. तुला त्यांची बोटं माहीत आहेत, आपल्या दोघांची मिळून त्यांचं एक होईल.

"कोणाचं बोट?" म्हणाले. "माझं की त्याचं?"

मी म्हटलं, "बाबा, मिस्त्रीला कळतं. तो घेईल माप."

"नको. ज्याने सांगितलंय त्याच्याच बोटाने घ्यायचं. तोवर उघडी राहू दे."

दुसऱ्या दिवशी हे ऐकून मिस्त्रीने कपाळाला हात लावला. म्हणाला, सिमेंटच्या फळ्या अंगणात येऊन पडल्यात, परतीचा पाऊस अजून सरलेला नाही, आणि तुम्ही बोटासाठी अडून बसताय. बाबा म्हणाले, "मी मोजलं होतं एकदा. चुकलं."

तर सध्या असं आहे. कुजलेले खांब बदलून झाले आहेत. भिंतीवर निळी ताडपत्री आहे, ती दिवसभर फडफडते. बाबा मुकाट्याने माझ्या खोलीत झोपायला आले, आईचा पलंग रिकामा आहे. ढास मात्र कमी नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भिंत नवी होईल, छाती नाही होणार. भरपूर वेळ आहे, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. मी वाट बघत होते म्हणतील म्हणून.

मागच्या पत्रात मी विचारलं नव्हतं. आताही विचारत नाही, सांगते. ये. आल्यावर "मी म्हटलं नव्हतं का" असं एक अक्षर काढलंस तर याच ताडपत्रीत गुंडाळून तुला समुद्रात ढकलून देईन. तुझ्या वाट्याचं ते त्यांनी स्वतःच म्हणून घेतलंय, इतकी वर्षं एकट्याने. माफी मागू नकोस, मागायला लावू नकोस. नुसता भिंतीपाशी उभा राहा आणि बोट धर.

पाकीट बंद करायच्या आधी बाबांना विचारलं, तुमच्याकडून काही लिहू का. आधी ढास लागली, मग पाणी मागितलं. मी लेखणी ठेवलीच होती, तेव्हा म्हणाले, "छत्री घेऊन ये म्हणावं. भिजत यायची सवय आहे त्याला."

भिंत उघडी ठेवून बसलेली,
ताई