आई काल सभागृहात वर गेली

प्रिय अप्पा,

काल आई सभागृहात गेली. वर! कुणीही उचलून न नेता. घरी आल्यापासून तिची टकळी सुरू आहे, अन् ऐकायला तुम्ही नाही. म्हणून हे पत्र.

मुकुंदवाडीतलं आपल्या गल्लीचं सभागृह तुम्हीच सगळ्यांना सुट्टीच्या दिवशी कामाला जुंपून उभं केलंत. पण जोतं एवढं उंच कशाला हो घेतलंत? नाल्याचं पाणी शिरतं, हे मान्य. तरी तुमचं खरं कारण मला ठाऊक आहे. "सभागृह कसं, मान वर करून बघावं लागलं पाहिजे!" घ्या!

मग तुम्हाला लकवा झाला आणि त्याच पायऱ्या आडव्या आल्या. पोरं चाकाच्या खुर्चीसकट उचलायला तयार होती, तर काय खेकसलात तुम्ही! "उचलून न्यायला मी काय गणपती हाय व्हय?" सगळे हसले. मी नाही हसले. त्यानंतर प्रत्येक बैठकीला तुम्ही खाली रस्त्यावर बसून वरचं बोलणं कान देऊन ऐकायचात. अप्पा, एकदा तरी सांगायचं होतं ना, की वर यावंसं वाटतं!

तुम्ही गेलात. पुढं आईचं खुब्याचं हाड मोडलं, अन् तिलाही चाकाची खुर्ची आली. तिचं भजनी मंडळ वर, ती खाली. तीही कुणाला उचलू देईना. मला धडकीच भरली. हीसुद्धा अशीच खाली बसून राहणार का?

पायऱ्यांशेजारी उतार बांधा म्हणून मी गल्लीत भांडले. सगळे लगेच हो म्हणाले, पण केलं काय आपल्या लोकांनी? घराघरांपुढं मोटारसायकल आत घ्यायला असतो, तसला उभा उतार बांधला! दुसऱ्या दिवशी त्यावर गाड्याच लागल्या. आई तो बघून म्हणाली, "ह्याच्यावरून मी वर नाय, थेट तुझ्या अप्पाकडंच जाईन."

शेवटी आपले शेजारी, वेल्डिंगवाले रशीदचाचा म्हणाले, "बेटा, आता आधी भाभीला विचारू, मग सिमेंट कालवू." नव्या उतारासाठी जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं रेघा मारल्या. गल्लीतल्या गुडघे धरून चालणाऱ्या, काठीवाल्या, सगळ्यांना बोलावलं. आई खुर्ची फिरवून बघायची अन् म्हणायची, "इथं वळत नाय. अजून लांबव." लांबवता लांबवता रेघ सभागृहापुढं पत्ते कुटत बसणाऱ्यांच्या ओट्यात घुसली. लई आरडाओरडा झाला! पण ओटा फुटला, अन् तिथून लांब, वळणाचा उतार बांधला. पत्तेवाले आता आत पंख्याखाली बसतात, अन् खुशीत आहेत. कठड्याचा पाइप चाचांनी आईच्या हाताला येईल असा लावला.

काल ती स्वतः चाकं ढकलत निघाली. वळणावर थांबली, दम घेतला. मी पुढं झाले, तर म्हणाली, "हात लावू नको." आणि पोचली! बायकांनी टाळ वाजवत तिला आत घेतलं. मी तुमच्या पायरीवर बसून रडले. किती दिवसांनी मन हलकं झालं, अप्पा!

पायऱ्या तशाच ठेवल्यात, तुमच्या हातच्या आहेत. उतारावर कुणी गाडी लावली, तर मी तुमच्याच आवाजात खेकसेन. आणि एक वचन देते. खाली रस्त्यावर तुम्ही बसायचात ना, त्या जागी आता कुणालाच बसून ऐकावं लागणार नाही.

तुमची भांडखोर,
छाया