आप्पांचा फेटा

गुरुवार, दिवेलागण

जिंकलो! आमच्या संस्थानच्या महाराजांनी वसवलेल्या पेठेत मी विकत घेतोय त्या नव्या घराचे कंत्राटदार आप्पा आठवडाभर किमतीवर अडून बसले होते, "नऊशे रुपये. पै कमी व्हणार न्हाय, पावणं!" दाराची चौकट बुटकी आहे म्हटलं, तर माझ्यावरच खेकसले, "तुमीच ताडमाड वाढलाय की!" आज मी म्हटलं, "आप्पा, न वाकता आत जाऊन दावा." गेले ताठ मानेनं, आणि फेटा चौकटीला धडकून माझ्या पायाशी! गवंडी खो खो हसले. आप्पा हळूच म्हणाले, "आठशे द्या, पर फेट्याचं गावात सांगू नका." लगेच हो म्हटलं.

आता जन्मभर त्या दारात वाकायचंय मलाच. मग मी एवढा खूश का? आपल्याच घरापुढं वाकायला लाज कसली! आणि पहिले वाकले ते आप्पाच, फेटा उचलायला.