कार्डापुरता हात

आबा, हात चालंना. मघापास्नं रेघ सरळ वढाया बघतेय, ती पळतीया कुटंतरी. लग्न झाल्यापास्नं ह्या हातात लाटणं न्हायतर खराटा. सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात माझी पाटी चुलीमागं टाकली. सून आणली का मास्तर आणला, म्हणल्या. आळीतल्या बाया हसल्या, मी बी हसले. तवाच हात थांबला.

तुमी म्हणायचा, हात म्हंजी जनावर, रोज बांधलं तर घरचं. होटगीच्या टेसनात रोज तुमची ड्युटी सुरू व्हायच्या आधी मी अंगणात पाटी घेऊन बसायची. कालचं एक वाक्य लिवायचं, बास. शेळी व्याली. गाडी उशिरा आली. एकदा जत्रंहून आल्यावर मी पाटीला शिवलेच न्हाय. तुमी मारलं न्हाय. मला मालधक्क्यावर नेलं, तुमचा खडू हातात दिला आन् मालगाडीच्या वाघिणीवर गावाचं नाव लिवाया लावलं. लई तिरकं आलं. "आता ही वाडी टेसनाला चाललीया," तुमी म्हणला, "वाटंनं समदे बघतील कुणाची लेक हाय ती." वाघीण हलली तशी मी रडत तिच्यामागं पळाले की. त्यानंतर एक दिस चुकवला न्हाय.

मग पलेग आला, मालधक्क्याखाली उंदीर पडले. तुमी आमाला माळावर झोपडीत धाडलं आन् सोता ड्युटीवर ऱ्हायला. आई भाकरी घेऊन क्वार्टरला निघाली, मी मागं. दाराला आतनं कडी. दारावर खडूच्या रेघा हुत्या, आईला वाटलं पोरांनी वढल्या आसतील. ती दार ढकलाया लागली. मी वाचते: आत येऊ नका. मी तिचा पदर धरते, सोडत न्हाय. तुमचं अक्षर कधी तिरकं येत नव्हतं, त्या दिशी आलं हुतं.

आबा, आता हितं सोलापुरात आमच्या घरात उंदीर पडलाय. काल कणगीमागं गावला. सासूबाईंनी चिमट्यानं उचलून बाहेर टाकला, उंदीर मरत्यातच म्हणल्या. आज सकाळी माझ्या बाजंखाली दुसरा. मांजरानं धरलेला न्हाय, तोंडाला रगत. ह्यांना सांगितलं तर मिलमधनं रजा मिळत न्हाय म्हणले, आन् बाराव्या दिसाआधी बाळंतीण उंबरा वलांडत नसती, वारं लागतंय. शेजारच्या विणकरांचा माग कालपास्नं गप हाय. त्यांच्या दाराला कुलूप न्हाय. आतनं कडी हाय.

सुईण तेवढी ऐकती. माझं पोट चोळता चोळता हळूच म्हणली, "पोरी, तुझ्या भावाला कळीव. मी टाकते पेटीत." लुगड्यात दडवून तिनं पोस्टाचं कार्ड आणून दिलं. सांजंला परत येईल तवा घेऊन जाईल. कार्ड एकच हाय. दादाला वाचाया येत न्हाय, टेसनातला बाबू वाचून दावंल, तवा अक्षर लागाय पायजे. म्हणून आदी तुमाला लिवत बसले. सासूबाई पाण्याला गेल्यात. त्या यायच्या आत हात वळायला पायजे.

वळला, आबा. आत्ताच कार्ड लिवून हातरुणाखाली ठेवलं. "दादा, घरात उंदीर पडले. बैलगाडी घेऊन लगोलग ये. मला नेता आलं न्हाय तर लेकराला तरी ने." शेवटची ओळ सरळ आली बघा.

लेकरू निजलंय. त्याचं अंग मघापास्नं कढत लागतंय. बाजंखाली शेगडी हाय, तिचीच धग आसंल.

हे तुमाला धाडणार कुटं. जाळावं म्हणलं, तर जाळाया बी धजत न्हाय. हा कागद पाचवीच्या पूजेचा हाय. सटवाई येऊन लेकराचं नशीब लिवती म्हणून बोरूसंगट पाटावर ठेवला हुता, मग उशाखाली सारला. तिचं लिवणं माणसाला दिसत न्हाय म्हणत्यात. मी लई उलटापालटा करून बघितला, मला बी दिसलं न्हाय. म्हणून तिनं जे लिवलं आसंल त्या समद्यावरनंच लिवत आले, कड सुदिक सोडली न्हाय.

सरावाला म्हणून सुईणीनं गुळाचा कागद दिला हुता, आबा. तो तसाच कोरा हाय.