चिमाजी मुंगळ्याचा खुलासा

नाशिक, बुधवार

तीर्थरूप चिमाजीमामांच्या चरणी भाचा रंगनाथ याचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठीक आहे. तुमचा गुडघा आणि मामींचा खोकला कसा आहे ते कळवावे. (निर्गुडीचा शेक सोडू नये.) हे पत्र रविवारच्या आत तुमच्या हाती पडणे फार जरुरीचे आहे. रविवारी वणीच्या शाळेच्या पटांगणात तुमचा जो सत्कार व्हायचा आहे, तो काहीही कारण काढून रद्द करावा. मुंगळ्याचे प्रकरण अंगाशी आले आहे.

दिवाळीच्या सुटीत मी पेठकडच्या रानात हिंडायला गेलो होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथे एका ऐनाच्या झाडाखाली वाघदेवाचा दगड आहे आणि त्याच्या आसपास मला एक अजब मुंगळा दिसला. अंग काळेभोर आणि सहाही पाय लालभडक. शाळेच्या कपाटातल्या किड्यामुंग्यांच्या पुस्तकात असा मुंगळा नव्हता. (मी शाळेत चित्रकला शिकवतो, प्राणिशास्त्र नव्हे, एवढे त्या वेळी आठवले असते तर पुढचे सगळे टळले असते.) मी भिंग काढले आणि तीन दिवस गुडघ्यांवर त्या दगडाभोवती फिरून त्याच्या वस्तीचा नकाशा काढला. देवापासून वीस पावलांपर्यंत पाय लालभडक, तीस पावलांवर फिकट आणि पन्नास पावलांवर अगदी काळे. त्यावरून मी असा सिद्धान्त काढला की ही जात ऐनाच्या दाट सावलीतच सुखाने राहते आणि सावली सोडून गेली की खंगते. या संशोधनात मला किती ठिकाणी चावे बसले ते मामींसमोर सांगण्यासारखे नाही. ज्याच्या घरी उतरलो होतो तो सोमा माझ्यामागून अनवाणी, पाण्याचा तांब्या घेऊन, एक अक्षर न बोलता फिरत होता. त्याच्या बायकोने तिन्ही दिवस मला अळणी जेवण वाढले. तिसऱ्या दिवशी तर त्याच्या घरची सगळी माणसे माझ्यामागून दगडाभोवती फिरू लागली. शास्त्राबद्दल रानातल्या लोकांना केवढा आदर, असे वाटून मला गहिवरून आले.

परत आल्यावर खलीलभाई अत्तरवाल्यांकडून एक रिकामी बाटली आणली, तीत रानातून डबीत आणलेले वीस मुंगळे भरले आणि मुंबईच्या एका प्राणिशास्त्र मंडळाकडे पाठवून दिले. सोबतच्या टिपणात रंग, वस्ती आणि नकाशा तर होताच, पण 'या जातीला वाळ्याचा मंद सुगंध येतो' हेही लिहिले. या मुंगळ्याला माझ्या मामांचे, चिमाजी असे नाव द्यावे, अशी विनंती केली. आणि उत्तर येण्याआधीच हे सगळे तुम्हाला कळवून टाकले. तुम्ही ते पत्र पारावर वाचून दाखवाल आणि गावकरी शाल, नारळ, ताशा ठरवून मोकळे होतील, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

मंडळाचे उत्तर शुक्रवारी आले. नमुने स्पिरिटात घालताच पाय काळे झाले आणि बाटलीच्या तळाशी तांबडी पूड बसली. मुंगळा नेहमीचाच आहे. वस्ती म्हणाल तर रान, माळ, घर कुठेही, विशेषतः गुळाच्या डब्याजवळ. सुगंधाबाबत त्यांनी एवढेच लिहिले आहे की पुढच्या वेळी बाटली धुऊन घ्यावी.

मी रविवारी सर्व्हिस मोटारीने तडक पेठ गाठले आणि तिथून पायी सोमाचे घर. ती तांबडी पूड कसली, असे त्याला विचारले. तो शांतपणे म्हणाला, "शेंदूर हाय, मास्तर. वाघबारशीला देवाला तेल-शेंदूर लावला. खोबरं खायला मुंगळे वर चढतात, त्यांचे पाय भरतात. लांब गेले का पुसून जातं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं नाय. आमाला वाटलं, तुमचा काय नवस हाय. नवसाच्या माणसाशी बोलू नाय."

तेव्हा मामा, तुमच्या नावाचा मुंगळा जगात नाही. सत्कार थांबवावा आणि मला क्षमा करावी. मामींना नमस्कार.

तुमचा,
रंगनाथ

ता. क. (गुरुवार) पत्र टपालात टाकायला निघालो तोच मामींनी शेजारच्या मुलीकडून लिहवून घेतलेले कार्ड आले. तुम्ही म्हणे रोज सकाळी गोठ्यात म्हशीसमोर आभाराचे भाषण म्हणता आणि दुसऱ्या वाक्यापाशी अडता की पुन्हा पहिल्यापासून सुरू करता. (म्हशीने दूध कमी केले आहे.) मामींनी आणखीही एक लिहिले आहे. एकतीस वर्षे शिकवून तुम्ही नोकरीतून निघालात, त्या दिवशी शाळेला कुलूप तुम्हीच लावलेत, किल्ली पाटलांच्या ओट्यावर ठेवलीत आणि एकटे घरी आलात. कोणी निरोपालाही आले नाही. मामा, मला हे ठाऊक नव्हते. वाचून मला फार वाईट वाटले.

ता. क. दुसरा. म्हणून हे पत्र मी सोमवारी टाकणार आहे. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा मंगळवार उजाडलेला असेल आणि शाल घरात असेल. रविवारी मी स्वतः येऊन मुंगळ्यावर दहा मिनिटे बोलणार आहे, सुगंधासकट. गावाला खरे केव्हा सांगायचे ते तुम्ही ठरवा. गाव रागावले तर माझ्याकडे पाठवावे. मामींना कार्डाबद्दल काही बोलू नये, एवढी विनंती.

ता. क. तिसरा. (सोमवार) चौथीपर्यंत मीही तुमच्याच हाताखाली शिकलो. रविवारी सगळ्यांच्या शेवटी येऊन मी जो नारळ तुमच्या हातात दिला, तो मुंगळ्याचा नव्हता. चार वर्षांपूर्वी, तुम्ही कुलूप लावलेत त्या दिवशी, द्यायचा राहिला होता.