खुर्चीसकट

१२ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एकतीस तारखेला मी सुटलो! सदतीस वर्षं सरकारी इमारतींची धोरणं ठरवणाऱ्या खात्याचे हिशेब तपासले, आता तुझ्या वाणसामानाचे तपासणार. त्याच संध्याकाळी निरोप समारंभ आहे. साहेब माझ्या कामाबद्दल बोलणार आहेत आणि घरच्यांतर्फे तू बोलणार, हे मागच्या पत्रात कळवलंच होतं.

आता एक नवीच अडचण आलीय. समारंभ दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट महिनाभर बंद. साहेब म्हणाले, दोन शिपाई ताईंना चाकाच्या खुर्चीसकट उचलून आणतील, त्यात काय एवढं! मी हो म्हणून बसलो. जाताजाता कशाला वाकडेपणा घ्यायचा? तू नाही म्हणू नकोस.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा धाकटा

१६ मार्च
चि. हिशेबराव यास,
अ. उ. आ. (हे सवयीने लिहिलं. खरं तर तुझा कान धरायला हवा.)

खुर्चीसकट उचलून! मी माणूस आहे की कपाट? शाळेत तू आणि बाबा मला जिन्यावरून असंच न्यायचात, सगळी शाळा बघायची आणि मी डोळे गच्च मिटून घ्यायचे. विसरलास? नाही विसरलास. म्हणूनच तर नोकरीत हट्ट धरलास की रॅम्प नसेल त्या इमारतीच्या खर्चावर सही करणार नाही. तेव्हाचे साहेब चिडले, तुझी बदली झाली, तरी हटला नाहीस. शेवटी तेच खात्याचं धोरण झालं. आज मी पोस्टात, ग्रंथालयात माझी चाकं मीच ढकलत जाते.

आणि त्याच कामाचा सत्कार बघायला मी दोघांच्या खांद्यावरून यायचं? लाज कशी वाटत नाही त्यांना! तुझ्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं? मी येणार नाही. आरशासमोर बसून भाषण पाठ केलं होतं, ते गेलं चुलीत.

रागावलेली, पण तुझीच,
ताई

१ एप्रिल
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि घास गोड लागेना. साहेबांना म्हटलं, समारंभ खाली आवारात घेऊ. ते म्हणाले, एका माणसासाठी सगळ्यांचा बेत बदलत नसतात. ताई, हे 'एका माणसासाठी' मी नोकरीभर ऐकत आलोय. डोक्यात तिडीक गेली.

काल दुपारी समारंभाच्या खर्चाचा कागद सहीसाठी माझ्याच टेबलावर आला. संध्याकाळपर्यंत हिशेबनीस मीच होतो ना! फुलं, माईक, चहा, सगळं चोख. मी नेहमीचा शेरा मारला: चाकाच्या खुर्चीला वाट नाही, नामंजूर. सही केली आणि कागद परत धाडला.

साहेब तणतणत आले. स्वतःचाच सत्कार नामंजूर करणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता म्हणे. मी म्हटलं, साहेब, नियम आपल्याच खात्याचा आहे. समारंभ रद्द झाला. माझ्याकडे कोणी फिरकलं नाही, एक शिपाई तेवढा चहा ठेवून गेला. मग किल्ल्या दिल्या आणि घरी आलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

आता तरी राग सोड.
तुझा धाकटा

४ एप्रिल
चि. हिशेबराव यास,
अ. उ. आ. (या वेळी मनापासून.)

आधी रडले, मग पुन्हा भडकले. इतक्या वर्षांच्या माणसाला कपभर चहावर वाटेला लावलं! त्या साहेबाचे गुडघे लवकर दुखू लागोत आणि लिफ्ट बंदच राहो. मी शाप देत नाहीये, नुसती इच्छा सांगतेय.

भाषण काही चुलीत गेलं नाही. एवढंसंच होतं. लहानपणी माझा भाऊ मला उचलून न्यायचा. मोठा झाल्यावर त्याने मला उचलणं सोडलं आणि माझ्यासाठी वाट केली. आज इथे मी माझी मी आले आहे.

ते शेवटचं वाक्य मला दुसऱ्या मजल्यावर कुठल्या तोंडाने म्हणता आलं असतं? रविवारी येतेय, एकटी. दार उघडं ठेव आणि समोर खुर्ची घेऊन बस. मदतीला उठायचं नाही. फक्त ऐकायचं.

लोभ आहेच, तो मागायला नको.
ताई